वाघदेवापाशी कोणी बोलत नाही

मामाजी, तुम्ही गेलात तरी कालपर्यंत मी दारात आवाज देत होते. नळावरून हंडा भरून आणला की उंबऱ्याशी थांबायचं आणि म्हणायचं, "मी हो, शालू!" आत कोणी नसायचं. तुमची खाट मात्र अजून तिथंच आहे, भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसता येईल अशी. शेजारची ट्रक ड्रायव्हरची बायको परवा हसली. म्हणाली, "काहून वं, भुताले सांगून राहिली का?" एरवी मी तिला सोडली नसती. पण भांडायलाही अंगात जोर लागतो.

काल तुमची तेरवी झाली. हवालदार सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं सगळे म्हणत होते. मी आत पुऱ्या तळत ऐकत होते. अध्यात ना मध्यात असणारा माणूस एवढा घाबरून का राहायचा, हे त्यातल्या एकानंही विचारलं नाही. मी विचारलं होतं. उत्तर न देता तुम्ही गेलात असं मला वाटत होतं, आणि त्याचा राग आला होता. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्याशी वाद घालायची सवय एका तेरवीनं थोडीच जाणार?

लग्न होऊन तुमची सून म्हणून नागपूरजवळच्या वाडीला आले ती आईची शिकवण पदराला बांधून. आई म्हणायची, सून घरात आहे हे भांड्यांनासुद्धा कळू नये. पहिल्याच सकाळी डोक्यावर पदर घेऊन, अनवाणी, चहाचा कप हातात धरून मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. तुम्ही पेपरातून मान वर केलीत आणि ताडकन उठून भिंतीला टेकलात. तोंड उघडं आणि आवाज नाही. माझ्या हातून कप पडला तेव्हा कुठे तुम्हाला कंठ फुटला.

"आवाज दे ना वं बाई! आवाज दिल्याबिगर कोणाच्या समोर येऊ नये! बोलत ये, खाकरत ये, काहीही कर, पण गप्प येऊ नको!"

मी चुलीपाशी बसून रडले आणि मग चिडले. माहेरी म्हणायचे वाजू नको, सासरी म्हणतात वाजत ये, मग बाईनं करावं काय? पण करत गेले. तुम्ही घरातल्या कोणालाच सोडलं नव्हतं. पुढे माझी मुन्नी रांगायला लागली तशी तुम्ही तिला घुंगरांचे वाळे आणलेत. मांजराच्या गळ्यातसुद्धा घंटी बांधलीत. त्या बिचाऱ्या मांजरानं आपल्या घरात जन्मभर एक उंदीर धरला नाही. मी तुम्हाला त्यावरून चिडवायची, आणि तुम्ही हसायचात, पण घंटी काही सोडली नाहीत.

गोदामांच्या मागं आपल्या दोन खोल्या. दिवसभर ट्रकांची घरघर, हमालांची ओरड, त्यात तुम्ही निवांत असायचात. लोक पोलिसातून रिटायर झाल्यावर गावाकडची शांतता शोधतात, तुम्ही रामटेककडचं घर सोडून मुद्दाम या कलकलाटात का आलात, हे मला कळत नसे. सणाच्या दिवशी गोदामं बंद राहिली की रस्ता ओस पडायचा आणि तुमचा चेहरा उतरायचा. मग रेडिओ मोठ्यानं लावायचा. भीती हा लागट रोग आहे, मामाजी. तुमच्या घरात राहून राहून मलाही शांततेचं भय वाटायला लागलं. पोर बाजूला खेळता खेळता गप्प झाली की मी हातातलं काम टाकून धावायची. कशाचं भय, ते मात्र ठाऊक नव्हतं.

मग ते समन्स आलं. आणीबाणी नुकतीच उठली होती, दारात खाकी कपडा दिसला की लोक अजूनही दार लोटून घ्यायचे. तरणा शिपाई होता, तुम्हाला अदबीनं "हवालदार साहेब" म्हणाला. तुम्ही त्याला खाटेवर बसवलंत, पाणी दिलंत. त्यानं सांगितलं, रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या बाईनं अर्ज केलाय. इंग्रजाच्या काळातल्या एका चौकशीत तिच्या बापाला दरोडेखोराचा साथीदार ठरवलं होतं, तो डाग पुसा म्हणते. सरकारनं ती जुनी चौकशी पुन्हा तपासायला एक अधिकारी नेमलाय. त्या वेळचे साक्षीदार सगळे मेले, तुम्ही तेवढे राहिलात.

शिपाई गेल्यावर तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात. मी सुपात तांदूळ निवडत होते. तुम्ही म्हणालात, "सूप वाजवत राहा वं. थांबू नको." आणि त्या आवाजाच्या आडून तुम्ही मला सगळं सांगितलंत.

मंगल्या नावाचा दरोडेखोर त्या डोंगरात लपला होता आणि महिनोन् महिने हाती लागत नव्हता. पोलिसांचा गोरा कप्तान शिकारीचा शौकीन. त्यानं ठरवलं, वाघासाठी करतात तसा हाका करून मंगल्याला बाहेर काढायचा. खेड्याखेड्यांतली माणसं धरून आणली. एका बाजूनं त्यांनी रांग धरून ढोल, डबे वाजवत, ओरडत जंगल झोडपत यायचं, दुसऱ्या बाजूला मचाणावर बंदुका घेऊन साहेब लोक. हाक्याचा नियम एकच. ओरडत येतो तो आपला माणूस, गप्प येतं ते सावज.

"पन ते मचान जेथी बांधलं ना," तुम्ही म्हणालात, "त्याच्या समोरच वाघदेवाचा दगड होता."

मी नागपूरची, मला काय ठाऊक? तुम्हीच समजावलंत. तुमच्या भागात वाघदेवापाशी कोणी बोलत नाही. लांबूनच चपला काढून हातात घ्यायच्या, मान खाली घालायची, आणि तो दगड मागं पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कडेवरचं लेकरू रडत असेल तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते. तुम्ही त्याच मातीतले. हाका तिथं आला की गप्प होणार, हे पोलिसांच्या त्या सगळ्या लवाजम्यात तुम्हा एकट्यालाच माहीत होतं.

तुम्ही गप्प बसला नव्हतात, हे मी मान्य करते. आदल्या दिवशी तुम्ही आपल्या देशी इन्स्पेक्टरला सांगितलंत. त्यानं तुमच्यासमोर कप्तानाला इंग्रजीतून सांगितलं. कप्तान हसला, काहीतरी बोलला, आणि इन्स्पेक्टरनंही हसत हसत तुम्हाला सांगितलं, "साहब बोलते हैं, देव को बोलो आज छुट्टी है."

दुसऱ्या दिवशी हाका निघाला. तुम्ही मचाणाखाली उभे होतात. ढोल जवळ जवळ येत गेले आणि मग रांगेचा मधला भाग एकदम गप्प झाला. वर बंदुका सरसावल्याचा आवाज तुम्हाला ऐकू आला. झाडीतून एक माणूस बाहेर पडला. कवडू नाव त्याचं, तुम्ही त्याला बाजारात पाहिलेलं. हातात चपला, मान खाली, ओठ मिटलेले. कप्तानानं गोळी घातली.

माझ्या हातातलं सूप थांबलं. मी म्हणाले, "तुमी ओरडले काहून नाही, मामाजी?"

"वाघदेवापाशी उभा होतो ना वं मी," तुम्ही म्हणालात. "तोंड उघडलं होतं. लहानपनापासून तेथी बोललो नोहतो. आवाजच नाही निघाला."

मी तुमच्याकडे पाहू शकले नाही. पुन्हा सूप वाजवायला लागले. पहिल्या सकाळचा तुमचा तो उघडा, बिनआवाजाचा चेहरा मला आठवला, आणि मांजराच्या घंटीवरून केलेल्या सगळ्या थट्टेची लाज वाटली.

एवढ्यावर थांबला असतात तर मी तुम्हाला पोटाशी धरलं असतं. पण तुम्ही पुढचंही सांगितलंत. गरीब माणूस मेला म्हणून पेपरात ओरड झाली, आणि कप्तानानं मोहीम कशी चालवली याची चौकशी नागपुरात बसली. चौकशीच्या गोऱ्या साहेबानं तुम्हाला एकच प्रश्न विचारला, कप्तानाला आधी कोणी सावध केलं होतं काय? इन्स्पेक्टर समोरच्या खुर्चीवर बसला होता. त्यानं नुसतं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "नाही, साहेब." झालं. कप्तानाची काही चूक नाही, मेलेला माणूस गप्प बाहेर आला म्हणजे मंगल्याचा साथीदारच, असा निकाल लागला. मंगल्या कधीच सापडला नाही. कवडूच्या बायकोला विहिरीवर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरावं लागायचं. तुमच्या बाहीवर फीत चढली.

त्यावरून आपण भांडलो. मी तोंडाची फटकळ, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाले, "तिकडे देवासाठी गप्प राहिले, ते मले समजते. कचेरीत कोणता वाघदेव होता, मामाजी?"

तुम्ही उठून रेडिओ लावलात. दोन दिवस आपण फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोललो. तुमच्या मुलानं आपला निकाल देऊन टाकला होता, "बाबा बीमार आहेत म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट देतो. कोण जाते त्या भानगडीत." तुम्ही त्यालाही हो म्हटलं नाहीत आणि नाहीही म्हटलं नाहीत.

आणि मग सफारी सूटातला एक अनोळखी माणूस आला. भर दुपारी, पायात चकचकीत बूट, हातात संत्रा बर्फीचा डबा. तो आला तेव्हा त्याच्या पायाचा आवाज आला नाही, हे मला आधी जाणवलं. तुमच्या खाटेवर, तुमच्या शेजारी बसला. तो इन्स्पेक्टर केव्हाच वारला होता, पण त्याचा मुलगा आता शहरातला वजनदार माणूस. त्यानं याला पाठवलं होतं. एक वाकडा शब्द बोलला नाही हो तो. "काका, तब्येत जपा. या उमरमधे कचेरीच्या पायऱ्या कायले चढता? मेलेल्या लोकायची इज्जत असते, त्यायले झोपू द्या." मग मुन्नीला जवळ बोलावलं, गालाला हात लावला, कोणत्या शाळेत जाते, कोणासोबत जाते, सगळं गोड बोलून विचारून घेतलं. ती भाबडी सांगत सुटली. मी चहा ठेवायचं विसरून दाराला धरून उभी राहिले होते.

तो गेल्यावर मी मुन्नीला शाळेत पाठवणं बंद केलं. बर्फीला कोणी हात लावला नाही. डबा फळीवर राहिला, त्याला मुंग्या लागल्या, तरी तो फेकायलासुद्धा मी भीत होते. फेकलेला डबा कोणी पाहिला तर, असं वाटायचं. रस्त्यावर ट्रकचा ब्रेक वाजला की दचकायचे. मामाजी, कचेरीत कोणता वाघदेव होता म्हणून मी तुम्हाला टोचलं होतं, पण भीती म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. जा म्हणायला तोंड उघडेना आणि नका जाऊ म्हणायलाही. मी नुसती तुमच्या तोंडाकडे बघायची.

साक्षीच्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ केलीत, धुतलेलं धोतर नेसलात, टोपी घातलीत. तुमचा मुलगा कामावर निघून गेला होता. तुम्ही म्हणालात, "चाल वं शालू." बस. मी मुन्नीला शेजारणीकडे सोडलं, आणि ज्या बाईशी रोज भांडते तिला हात जोडून सांगितलं, पोरीला दाराबाहेर जाऊ देऊ नको.

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. जाडंभरडं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. तुम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तिला बघताच तुमचे पाय थांबले. माझ्या कानाशी म्हणालात, "कवडूचं नाक हाय." मग माझं मनगट धरलंत ते आत जाईपर्यंत सोडलं नाहीत. माझ्या दोन बांगड्या फुटल्या. जिन्याच्या तोंडाशी सफारीवाला उभा होता. त्यानं तुम्हाला नमस्कार केला.

पुकारा झाला, तुम्ही आत गेलात. थोड्या वेळानं त्या बाईलाही बोलावलं. चपराशानं दार ओढून घेतलं आणि मी बाहेर राहिले. आत काय चाललंय, काही ऐकू येत नव्हतं. इकडे सफारीवाला माझ्याकडे बघून हसत होता. मी मनात म्हणत होते, खरं बोला, मामाजी. आणि त्याच श्वासात म्हणत होते, देवा, माझ्या पोरीला काही होऊ देऊ नको. दोन्ही मागण्या एकाच वेळी कशा पुऱ्या व्हायच्या, ते काही मला कळत नव्हतं.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "झालं. चाल," एवढंच म्हणालात. रिक्षात मी विचारलं, काय सांगितलं? तुम्ही रस्त्याकडे बघत राहिलात. घरी विचारलं. तुम्ही म्हणालात, "भात टाक वं, भूक लागली." मला वाटलं, पुन्हा तेच केलं यांनी. पुन्हा 'नाही, साहेब' म्हणून आले, आणि लाजेनं बोलत नाहीत. सफारीवाला पुन्हा फिरकला नाही, त्यामुळे माझी तर खात्रीच पटली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तुमचा रागही आला.

पण त्यानंतर एक गोष्ट झाली, ती मला त्या वेळी उमगली नाही. तुम्ही "आवाज दे" म्हणायचं सोडलंत. एकदा आवाज द्यायला मी विसरले आणि तशीच तुमच्यासमोर आले. तुम्ही मान वर केलीत आणि शांतपणे म्हणालात, "ये." मला त्या 'ये'चीच जास्त भीती वाटली. रेडिओ बंद राहायला लागला. दुपारी तुम्ही गाढ झोपायचात, आणि मी येता जाता तुमची छाती हलते का बघायची. एका सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजला होतात. दाराकडे पाठ. इतक्या वर्षांत दाराकडे पाठ केलेली मी कधी पाहिली नव्हती. मी हाक मारली, मग ओरडले. त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या ट्रकांवर माझा आवाज गेला असेल.

काल तेरवीची माणसं उठून गेल्यावर मी फरशी पुसत होते. मान वर केली तर दारात कोणीतरी उभं. कधी आलं, कळलं नाही. मी घाबरून किंचाळणारच होते, तोंडाशी तुमचेच शब्द आले होते, "आवाज द्या ना बाई!" मग मला तिच्या हातातल्या चपला दिसल्या.

कवडूची लेक होती ती, सगुणाबाई. चपला हातात, मान खाली, ओठ मिटलेले. तशीच आत आली, तुमच्या खाटेसमोरून गेली, आणि खाट मागं पडल्यावर खाली बसली. मी चहा ठेवला. या वेळी विसरले नाही.

"मी माफ कराले नाही आली," ती म्हणाली. "माही माय त्याच दुखात गेली. ते कसं माफ होते? पन तुह्या सासऱ्यानं माह्यासमोर सांगतलं. त्या अधिकाऱ्यानं पुसलं, कप्तानाले कोनी सांगतलं होतं का? तर म्हने, होय, म्या सांगतलं होतं, तो हासला. मंग पुसलं, आधी नाही काहून म्हनलं?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली.

"तर म्हने, सायब, हे माही सून बी पुसते. कचेरीत कोनता वाघदेव होता म्हनते. कोनताच नोहता. मी भेलो होतो. आजही भेऊन राहिलो, पन सांगून राहिलो. आन् मंग माह्या बापाचं नाव घेतलं. तीनदा घेतलं. मोठ्यानं घेतलं."

मामाजी, मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी तुमच्यावर रुसून होते. शेवटच्या दिवसांत तुमच्या ताटात भाकर आदळत होते. भाकर आदळायचा आवाज ऐकून तुम्ही हसायचात, तेव्हा मला वाटायचं, म्हातारा निर्लज्ज झाला. आता कळतं, मी भीत होते आणि तुम्ही मला आणखी भिववायचं नाही असं ठरवलं होतं. सुनेला ठाऊकच नसेल तर कोणी विचारलं तरी ती काही सांगू शकत नाही. पोलिसातली अक्कल ती. एवढी एकच मी तुमची पाहिली.

निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा कागदावर काय येईल ते सांगता येत नाही, आणि तो सफारीवाला कधी परत येईल तेही. सोमवारपासून मुन्नीला शाळेत पाठवणार आहे. मी स्वतः सोडायला जाईन. भीती गेलेली नाही. पण आता भीती आहे म्हणून काम अडत नाही, हे मी या घरात पाहिलंय.

आज सकाळी नळावरून हंडा घेऊन आले. उंबऱ्याशी थांबले. "मी हो, शालू" ओठांवर आलं होतं. मग हंडा खाली ठेवला, चपला काढून हातात घेतल्या, आणि तुमच्या खाटेसमोरून मान खाली घालून, काही न बोलता आत गेले.